चौदा शून्यं

कळमनुरीत एका शिक्षण संस्थेचं महाविद्यालय आहे आणि त्यात संख्याशास्त्र विभागही आहे, हे गावात फार जणांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही तो जिन्याखाली आहे हे सांगावं लागतं. विभागात एक टेबल, दोन संगणक, त्यांतला एक चालू, आणि विजयाबाई. बाई तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर प्राध्यापक, नाही झाला तर कुणीच नाही. असं सतरा वर्षं चाललं. दर जूनला बाई स्वतःच्याच जागेसाठी नव्यानं अर्ज करत, स्वतःच्याच जागेची मुलाखत देत आणि निवड झाल्याबद्दल गंभीर चेहऱ्यानं आभार मानून पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसत.

यंदा मात्र जागा कायमची भरायची होती. संस्थेचे सचिव व्यंकटराव तसं स्वतःच्या तोंडानं बोलले होते.

"मॅडम, या जूनला तुमचं काम बराबर होऊन जाईल. फक्त आपला तो सर्व्हे एकदा मार्गी लागू द्या."

सर्व्हे असा होता. संस्थेची गावात एक इंग्रजी शाळा होती. ती इतर शाळांपेक्षा चांगली आहे हे व्यंकटरावांना माहीत होतं. आता ते शास्त्रीय पद्धतीनं शोधून काढायचं होतं. तीन प्रकारच्या शाळा घेतल्या: संस्थेची इंग्रजी, गावातली एक अनुदानित मराठी आणि आखाडा बाळापूरच्या अलीकडे फाट्यावरून आत असलेल्या एका गावातली जिल्हा परिषदेची. प्रत्येकीतली चौथी-पाचवीची साठ लेकरं. तीन पेपर: वाचन, गणित आणि परिसर अभ्यास. जानेवारीत परीक्षा, एक मेला अहवालाचं प्रकाशन आणि त्यानंतर त्या गावात पालकांची सभा. लेकरांना इंग्रजी शाळेत आणणारी पिवळी बस कोणत्या पारापाशी थांबेल, हेही ठरलं होतं.

व्यंकटराव माणूस वाईट नव्हता. त्यांना निष्कर्ष आधी आणि अभ्यास मागून करायची सवय होती, एवढंच. या सवयीनं तालुक्यात बऱ्याच जणांचं भलं केलेलं आहे.

तीन गट आणि तीन पेपर असले की प्रत्येक पेपरचा वेगळा हिशेब मांडत बसू नये, हे बाई वर्गात बैलबाजाराचा दाखला देऊन शिकवत. "बैल घेताना दात एकीकडे, वशिंड दुसरीकडे आणि चाल तिसरीकडे, असं तीनदा पाहून तीनदा निर्णय करतो का आपण? तीनदा पाहिलं की तीनदा फसायची संधी. शिवाय ज्याची चाल चांगली त्याचं वशिंडही बहुधा बरं असतं, या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून अख्खा बैल एकदम बघायचा." अख्खा बैल एकदम बघायच्या या पद्धतीला मॅनोव्हा म्हणतात. पोरांना बैल लक्षात राहायचा, मॅनोव्हा राहायचा नाही. परीक्षेत काही जण बैलाचं चित्र काढून यायचे.

बाई हे काम आर नावाच्या सॉफ्टवेअरवर करत. ते जगभर फुकट मिळतं, आणि फुकट असल्यामुळे महाविद्यालयाच्या खरेदी समितीला ते कधी मंजूर करता आलं नाही. बाईंनी ते आपलं आपण उतरवून घेतलं होतं.

फेब्रुवारीत कार्यालयाकडून एकशे ऐंशी ओळींची फाईल आली. बाईंनी ती आत घेतली, आज्ञा लिहिली, बटण दाबलं. पडद्यावर विल्क्सचा लॅम्डा उमटला: ०.८६. हा आकडा एकच्या जवळ असेल तर गट सारखे, शून्याकडे सरकला तर गट वेगळे. शेजारचं पी-मूल्य होतं हजारात एकाहून कमी. म्हणजे खरोखर काही फरक नसता, तर निव्वळ योगायोगानं एवढी तफावत दिसायची शक्यता जवळजवळ नाहीच. तपशिलात इंग्रजी शाळा वर, अनुदानित तिच्या खांद्याला खांदा लावून आणि जिल्हा परिषदेची तिन्ही पेपरांत खाली, खूपच खाली.

खरं सांगायचं तर बाईंना बरं वाटलं. सतरा वर्षं फळ्यावर खोटे आकडे सोडवलेल्या माणसासमोर खरे आकडे असे लख्ख उभे राहिले की बरं वाटतंच. त्यांनी तक्ता छापला आणि वर जाऊन सचिवांच्या हातात दिला.

"बघा!" व्यंकटराव म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? आता हे कम्प्युटर म्हणून राहिलं."

चूक बाईंची होती, आणि ती त्यांना जिना उतरून खाली आल्यावर कळली. 'आधी चित्र काढा, मग आकडा' हे त्या पोरांना पहिल्याच तासाला सांगत. स्वतः मात्र आकडा आधी काढला होता. आता रिकामा वेळ होता म्हणून त्यांनी चित्र काढलं. पडद्यावर एकशे सहासष्ट ठिपके मधमाश्यांसारखे घोळका करून बसले होते आणि दूर खालच्या कोपऱ्यात, एकमेकांवर चढून, एकच ठिपका. जवळून पाहिलं तर एक नव्हे, चौदा. वाचन शून्य, गणित शून्य, परिसर अभ्यास शून्य. चौदाच्या चौदा जिल्हा परिषदेच्या शाळेतले.

यांतले दोन पेपर पर्यायांचे होते. डोळे मिटून खुणा केल्या तरी चौथा हिस्सा गुण पडतात. तिन्हीकडे शून्य पाडायचं तर थोडाफार अभ्यास करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी तास नव्हता, म्हणजे बाई कुणीच नव्हत्या. त्यांनी स्कूटी काढली आणि थेट त्या गावाची शाळा गाठली.

देविदास गुरुजी व्हरांड्यात रजिस्टर घेऊन बसले होते. परीक्षेचे फॉर्म त्यांनीच भरले होते.

"गुरुजी, ही चौदा लेकरं तिन्ही पेपरला शून्य कशी?"

"शून्य कुठं, मॅडम? ती न्हाईतच इथं. आईबापासंगं कारखान्यावर गेलीत ऊस तोडायला. दिवाळी झाली की टोळी उचलते, गुढीपाडव्याच्या आसपास वापस."

"मग शून्य काहून लिहिलं?" बाईंच्या तोंडून गावाकडचा शब्द निसटला.

गुरुजींनी एक कोरा फॉर्म काढून खालच्या ओळीवर बोट ठेवलं. 'एकही रकाना रिकामा सोडू नये.' सरकारी कागदांवर वाढलेल्या माणसाला या ओळीचं कारण सांगावं लागत नाही. रिकामा रकाना म्हणजे उघडं दार. मागून कुणीही येऊन काहीही लिहून जातं.

"तुमीच छापलंय न्हाई का हे? मी आधी रेघ मारली होती. तर तुमच्या हापिसातून फोन आला, की मशीन रेघ घेत न्हाई, आकडा टाका. आता कोनता टाकू? मनानं पस्तीस टाकले असते तर तुमीच म्हणल्या असत्या, गुरुजी लबाड हाय. शून्य टाकलं. शून्याला कोनी चोरी म्हणत न्हाई."

बाईंनी फॉर्म हातात घेतला. छापण्याआधी हा फॉर्म त्यांनी स्वतः तपासला होता. शुद्धलेखनाच्या दोन चुकाही काढल्या होत्या.

व्हरांड्याच्या पायरीवर एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. रूपाबाई. शाळेतला भात शिजवायला येणाऱ्या बाईच्या हाताखाली ती असे. तिचा लेक, सून आणि नात तिघंही टोळीबरोबर गेले होते. तिनं मान वर न करता विचारलं,

"माझी नात नापास केली म्हणं तुमी?"

"नाही आजी, तसं नाही..."

"पेपरला बसवली न्हाई आन् नापास केली. बरंय बाई! जेवायला वाढायचं न्हाई आन् ताट टाकलं म्हणून वरडायचं."

बाईंनी संख्याशास्त्राची बरीच पुस्तकं वाचली होती. न मिळालेल्या माहितीवर इतकं नेमकं वाक्य त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

त्या सरळ व्यंकटरावांकडे गेल्या.

"सर, तो तक्ता परत घ्या. चुकीचा आहे."

व्यंकटरावांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "मॅडम, गैरहजर म्हणजे शून्यच की. आपल्या परीक्षेत काय करतो आपण?"

"परीक्षेत लेकरू चुकवतं. इथं मोजायचं आपण चुकवलं."

"मग चौदा काढून टाका. विषय खतम."

"काढून पाहिली. लॅम्डा ०.९६ येतो, फरक दिसतच नाही. पण तेही बरोबर नाही. जी गेली ती कशी होती हे आपल्याला माहीत नाही. हुशार असतील, ढ असतील."

"मग 'माहीत नाही' असं छापू का अहवालात?"

"छापा."

"लोक हसतील."

"हसू द्या. चौदा लेकरं बिनपरीक्षेची नापास केली, हे कळलं तर हसणार नाहीत."

व्यंकटरावांनी तक्ता घडी घालून खणात ठेवला. मग अगदी मायेनं म्हणाले, "उगी तकलीफ करून घेऊ नका. जून काही लांब नाही, मॅडम."

"कॅलेंडर माझ्याही घरी आहे, सर."

हे बोलून बाई खाली आल्या आणि टेबलाला कुलूप लावून घरी गेल्या. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. बाईंनी सांगितलं. त्याचं कृषी सेवा केंद्र होतं. दिवसभर लोकांना कीड ओळखून देणारा माणूस तो. म्हणाला, "सतरा वर्षं थांबलीस. आणखी चार महिने तोंड मिटून बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तक्ता माझा आहे," बाई म्हणाल्या.

"कुणाला कळतंय पण त्यातलं?"

"मला कळतंय ना."



पाडवा झाला, टोळ्या परतल्या. बाई तीन रविवार त्या गावात गेल्या. तेच पेपर, तीच चाळीस मिनिटं, त्याच सूचना, शब्दही न बदलता. चौदांपैकी अकरा लेकरं सापडली. तिघांचे आईबाप कारखान्यावरून परस्पर वीटभट्टीवर गेले होते. कुठल्या, ते गावात कुणाला सांगता आलं नाही. अकरांत एकीला वाचनात वर्गातल्या बहुतेकांपेक्षा जास्त पडले. दोघं जेमतेम. बाकीची इतरांसारखीच, कुठं बरी, कुठं कच्ची. रूपाबाईच्या नातीला गणितात, ज्यात उत्तर लिहायचं होतं, खरोखर शून्य मिळालं. बाईंनी ते शून्य लिहिलं. ते तिनं समोर बसून, पेन्सिल चावून, स्वतः मिळवलेलं होतं.

तीन वीटभट्टीवाल्यांचे रकाने त्यांनी रिकामे सोडले. ही परीक्षा तीन महिने उशिरा झाली, तेव्हा ती जानेवारीच्या परीक्षेशी तंतोतंत सारखी मानता येत नाही, हेही तळटीप देऊन लिहिलं. मग एकशे सत्त्याहत्तर ओळींवर तीच आज्ञा पुन्हा चालवली. लॅम्डा ०.९५. पी ०.१८, म्हणजे एवढी तफावत निव्वळ योगायोगानंही सहज दिसू शकते.

ही बातमी देविदास गुरुजींना कळली तेव्हा ते खूश झाले. "म्हंजे आमची शाळा चांगली निघाली!"

"तसं म्हणता येत नाही, गुरुजी. तुमची शाळा वेगळी आहे असं या आकड्यांतून दाखवता आलं नाही, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

"मॅडम, तुमी कुणाच्या बाजूनं हाव नेमक्या?" गुरुजी हिरमुसून म्हणाले.

वीस एप्रिलला बाईंनी नवा तक्ता आणि दोन पानांचं पत्र कार्यालयात दिलं, आवक क्रमांक टाकून घेतला आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. कार्यालयात शांतता असली की निर्णय झालेला असतो, हे सतरा वर्षांत कुणालाही कळतं.

एक मेला झेंडावंदनानंतर सभागृहात प्रकाशन झालं. शिक्षक, पालक, समोर सोफ्यावर पाहुणे. पुस्तिका चकचकीत होती. बाईंनी अकरावं पान उघडलं. लॅम्डा ०.८६. खाली बारीक अक्षरांत: 'सांख्यिकी विश्लेषण: प्रा. विजया मॅडम.' सतरा वर्षांत संस्थेनं त्यांना छापील कागदावर प्राध्यापक म्हणायची ही पहिलीच वेळ.

व्यंकटराव बोलत होते. "हे मी नाही म्हणत, हे आकडे म्हणतात..."

बाई उठल्या. माइक त्यांच्याकडे नव्हता. पण जिन्याखालच्या वर्गाला भिंतीपलीकडचा जनरेटर सोबत असतो. त्याच्यावरून आवाज चढवायची सवय होती.

"सर, आकडे तसं म्हणत नाहीत."

सभागृह वळलं.

"अकराव्या पानावरचा तक्ता माझा आहे आणि तो चूक आहे. आधी चूक मीच केली. जिल्हा परिषदेच्या ज्या चौदा लेकरांना शून्य दिलंय, ती त्या दिवशी परीक्षेला नव्हती. उसाच्या फडात होती. आपण त्यांची परीक्षा न घेता त्यांना तिन्ही विषयांत शून्य दिलं आणि त्या शून्यांवर ही पुस्तिका उभी आहे. त्यांतल्या अकरांची परीक्षा नंतर घेतली. तो तक्ता वीस एप्रिलला कार्यालयात दिलाय, हा शिक्का. त्यात तीन शाळांत फरक दिसत नाही."

"मॅडम, खाली बसा," व्यंकटराव हसून म्हणाले. ते माइकवर असल्यानं हसूही मोठं ऐकू आलं. "उन्हाचा त्रास होतोय मॅडमना. कुणी पाणी द्या."

"मला बरं आहे, सर. आकड्याची तब्येत बघा."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. पाहुण्यांपैकी एकानं पुस्तिका पहिल्यांदाच उघडली आणि अकरावं पान शोधायला लागला. एका पालकानं उभं राहून विचारलं, "म्हंजे लेकरू इथं न्हाई तर त्याला शून्य? माझा पुतण्या हाय त्या चौदांत." कार्यक्रम राष्ट्रगीतापर्यंत पोचला, पण घाईघाईनं. त्या गावातली पालकसभा पुढं ढकलली गेली, मग आणखी पुढं. पिवळी बस आजतागायत त्या पारापाशी थांबलेली नाही.

जूनमध्ये मुलाखत झाली. बाईंची चार मिनिटं चालली. त्यांतली दीड खुर्ची ओढण्यात गेली. निवड दिपक नावाच्या माणसाची झाली. नांदेडकडचा, नेट पास, सरळमार्गी. बाईंना कुणी कळवलं नाही. जिन्याखालच्या टेबलाच्या किल्ल्या परत मागवल्या, त्यावरून कळलं. बाईंनी किल्ल्या दिल्या आणि त्यांचीही पोच घेतली. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तू काही म्हणू नकोस."

जुलैत दिपकचा फोन आला.

"मॅडम, ओळख नाही आपली, पण अडलोय. सचिवसरांनी सांगितलंय, तो तक्ता नव्यानं काढा. म्हणे नवीन माणसाच्या हातून झालं की लोकांचा विश्वास बसंल. पण फाईली दोन हायत. कोणती खरी?"

"दोन्ही घेऊन या. आणि मूळ फॉर्म आणा. फॉर्मशिवाय येऊ नका."

रविवारी तो गठ्ठा आणि लॅपटॉप घेऊन आला. बाईंनी त्याला काही सांगितलं नाही. फक्त फॉर्म एकेक करून समोर सरकवले. चौदावर जानेवारीची शून्यं होती, आणि त्याच रकान्यांत गुरुजींनी आधी मारलेल्या रेघा खोडलेल्या दिसत होत्या. दिपकनं त्या उजेडात धरून पाहिल्या. मग बाईंनी घेतलेले अकरा पेपर पाहिले. मग स्वतःच्या हातानं फाईल दुरुस्त केली, स्वतः आज्ञा लिहिली, स्वतः बटण दाबलं.

"पी शून्य पूर्णांक अठरा," तो म्हणाला. "तुमचाच आकडा आला, मॅडम."

"माझा कसला? मी तर आत्ता हात पण लावला नाही."

त्यानं पुन्हा एकदा चालवून पाहिलं, जसं काही दुसऱ्या खेपेला संगणक मन बदलेल. संगणकाला कायम आणि तासिका यांतला फरक कळत नाही.

"सर काय म्हणतील?"

"तुमची ऑर्डर कायमची निघाली का?"

"न्हाई. सध्या तासिकावरच घेतलंय. येत्या जूनला करू म्हणलेत."

"मी चहा टाकते," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. चहाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. आलं किसलं, ते पुरेसं असूनही आणखी किसलं. बाहेरच्या खोलीतल्या बाईंच्या प्रिंटरचा आवाज आला.

कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा तक्ता टेबलावर होता. खाली सही, पूर्ण नाव, पदवी आणि तारीख. दिपकचा चेहरा थंडीतापातून उठल्यासारखा झाला होता.

"केली," तो म्हणाला. "आता काढतील मला."

"काढतील," बाईंनी कप त्याच्यापुढे ठेवला. "पण मग त्यांना तिसरा माणूस शोधावा लागेल. आणि तोही हेच बटण दाबणार आहे. साखर बघा, कमी वाटली तर सांगा."